विष कुणाच्या दारात?

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या ईशान्येला नॉर्थवूड मॅनर नावाची वस्ती आहे. १९७०च्या दशकात तिथं राहणाऱ्या दहा माणसांपैकी आठांहून अधिक कृष्णवर्णीय होती. ही झोपडपट्टी नव्हती. नोकरदार, स्वतःच्या घरांचे हप्ते फेडणारी, अंगणात झाडं लावणारी कुटुंबं इथं राहत होती. वस्तीलगतच्या मोकळ्या जमिनीवर यंत्रं येऊन खोदकाम सुरू झालं, तेव्हा दुकानं किंवा नवी घरं उभी राहत असतील असा रहिवाशांचा समज झाला. प्रत्यक्षात तिथं शहराचा कचरा पुरण्याची जागा तयार होत होती. मुलांच्या हायस्कूलपासून ती जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होती. शाळेत वातानुकूलन नव्हतं, त्यामुळे टेक्सासच्या उन्हाळ्यात वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागत.

रहिवासी १९७९ मध्ये कोर्टात गेले. त्यांचं वकीलपत्र लिंडा मॅकीव्हर बुलार्ड यांनी घेतलं. शहराचा कचरा आजवर कुठे कुठे पुरला आणि जाळला गेला, हे शोधून काढण्याचं काम त्यांनी आपले पती रॉबर्ट बुलार्ड यांच्यावर सोपवलं. ते टेक्सास सदर्न विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे तरुण प्राध्यापक होते. संगणकावर नकाशे काढण्याची सोय तेव्हा नव्हती. बुलार्ड आणि त्यांचे विद्यार्थी महापालिकेची जुनी दप्तरं चाळत बसले आणि जागा प्रत्यक्ष पाहायला शहरभर फिरले. ह्यूस्टन तळहातासारखं सपाट आहे. त्यामुळे मध्येच एखादी टेकडी दिसली, की खाली जुना कचरा असण्याची शक्यता मोठी, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं.

हाती आलेली आकडेवारी स्पष्ट होती. महापालिकेच्या मालकीच्या कचरा पुरण्याच्या पाचही जागा कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये होत्या. कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा तिथेच होत्या, आणि खासगी कंपन्यांच्या चारपैकी तीन जागाही. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होतं. पन्नास वर्षांच्या या हिशेबात गोऱ्यांच्या वस्त्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या होत्या.

खटला न्यायाधीश गॅब्रिएल मॅक्डॉनल्ड यांच्यापुढे चालला. टेक्सासमधल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश होत्या. वातानुकूलन नसलेल्या शाळेजवळ कचरा पुरण्यात काही अर्थ नाही आणि परवाना देणं आपल्या हाती असतं तर कदाचित तो दिला नसता, असं त्यांनी निकालपत्रात नोंदवलं. तरीही त्यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला नाही. याचं कारण अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६च्या एका निकालात होतं. एखाद्या निर्णयाचा फटका एकाच वर्णाच्या लोकांना बसतो, एवढं दाखवून राज्यघटनेखाली दाद मिळत नाही. भेदभाव करण्याचा हेतू होता, हेही सिद्ध करावं लागतं, असं त्या निकालानं ठरवलं होतं. आता असा हेतू कोणता अधिकारी कागदावर लिहून ठेवेल? परिणाम मोजता येतो. हेतू मात्र मनात राहतो, आणि बहुतेक वेळा एका मनातही नसतो. तो अनेक टेबलांवरून फिरलेल्या फायलींत विरून जातो. पुढच्या साडेचार दशकांत पर्यावरणीय न्यायाची लढाई याच पेचाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबली.

ह्यूस्टनचा हा खटला देशात फार गाजला नाही. गाजलं ते नॉर्थ कॅरोलिनातलं वॉरन काउंटी. १९७८च्या उन्हाळ्यात त्या राज्यातल्या रस्त्यांच्या कडेला काळपट, उग्र वासाचे पट्टे दिसू लागले. एका ट्रान्सफॉर्मर कंपनीचं पीसीबीयुक्त तेल रात्रीच्या अंधारात टँकरची तोटी उघडी ठेवून रस्त्याकडेला सोडून देण्यात आलं होतं. १४ काउंटींमधल्या सुमारे २४० मैल रस्त्यांवर मिळून जवळपास ३१ हजार गॅलन तेल सांडलं गेलं. पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल. ही रसायनं उष्णतेनं सहजी विघटित होत नाहीत, म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरली जात. हाच गुण निसर्गात गेल्यावर घातक ठरतो. ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि प्राण्यांच्या व माणसांच्या चरबीत साठत जातात. त्यांची कायदेशीर विल्हेवाट लावायला पैसे पडतात. ते वाचवण्यासाठी हा उद्योग झाला होता.

दोषींवर खटले झाले, शिक्षाही झाल्या. पण विषारी झालेली माती कुठे न्यायची, हा प्रश्न उरला. राज्य सरकारनं वॉरन काउंटीतलं ॲफ्टन हे गाव निवडलं. काउंटीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती आणि राज्यातल्या सर्वांत गरीब भागांत तिची गणना होई. ॲफ्टनमध्ये भूजल जमिनीखाली काही फुटांवरच लागतं आणि लोक विहिरींचं पाणी पितात. असा खड्डा आणि भूजल यांच्यात ५० फुटांचं अंतर हवं, असा नियम होता. पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, या जागेपुरता तो शिथिल केला. जागा शास्त्रीय कसोटीवर निवडली असेल, तर नियम शिथिल करण्याची गरज का पडली, हा गावकऱ्यांचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर कधीच मिळालं नाही.

१५ सप्टेंबर १९८२ला मातीचे पहिले ट्रक आले. कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चमधून माणसं चालत निघाली आणि ट्रकांपुढे रस्त्यावर आडवी झाली. त्यांत म्हाताऱ्या बाया होत्या, शेतकरी होते, शाळकरी मुलंही होती. पुढच्या सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक अटका झाल्या. नागरी हक्क चळवळीतले जुने कार्यकर्ते मदतीला धावून आले. बेंजामिन चॅव्हिस यांना अटक झाली, तशीच वॉशिंग्टनचे अमेरिकी संसदेतले प्रतिनिधी वॉल्टर फॉन्ट्रॉय यांनाही. बसमध्ये कुठे बसायचं यासाठी आणि मतदानाच्या हक्कासाठी लढलेली पिढी आता माती आणि पाणी यांसाठी रस्त्यावर झोपत होती. चळवळीतल्या लोकांना यात नवं काही वाटलं नाही. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग मेंफिसला गेले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठी. कचऱ्याच्या ट्रकच्या दाबयंत्रात सापडून दोन कामगार मेल्यावर तो संप सुरू झाला होता, आणि त्याच शहरात किंग यांची हत्या झाली. घाण कुणी उचलायची आणि कुणाच्या दारात टाकायची, हे दोन्ही प्रश्न त्यांच्यासाठी एकच होते.

ट्रक थांबले नाहीत. खड्डा भरला. खड्डा कोरडा राहील, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. १९९३ मध्ये त्यात दहा लाखांहून अधिक गॅलन पाणी साठल्याचं राज्याला जाहीर करावं लागलं. गावकऱ्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून ती माती तापवून शुद्ध करण्यात आली. हे काम २००३च्या अखेरीस पूर्ण झालं. पहिल्या ट्रकापासून २१ वर्षं गेली होती, आणि ट्रकांपुढे झोपलेल्यांपैकी कित्येक जण तोवर हयात नव्हते.

तुरुंगातून सुटल्यावर फॉन्ट्रॉय यांनी सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाकडून चौकशी करून घेतली. १९८३च्या त्या अहवालानुसार आग्नेयेकडच्या आठ राज्यांत घातक कचऱ्याच्या चार मोठ्या जागा होत्या आणि त्यांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत होत्या. चॅव्हिस ज्या चर्चसंस्थेच्या वर्णन्याय आयोगात काम करत, त्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टनं मग सगळा देश तपासायला घेतला. चार्ल्स ली यांच्या मार्गदर्शनाखाली पिनकोडनुसार माहिती गोळा झाली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानं या विषयाचा पाया घातला. घातक कचऱ्याची जागा कुठे असेल, याचा सर्वांत खात्रीचा अंदाज वस्तीचं उत्पन्न किंवा घरांच्या किमती पाहून बांधता येत नव्हता. रहिवाशांचा वर्ण पाहून बांधता येत होता. बेवारस विषारी कचऱ्याच्या जागा असलेल्या वस्त्यांमध्ये दर पाच कृष्णवर्णीयांपैकी तीन राहत होते. स्पॅनिशभाषकांचं प्रमाणही तेवढंच होतं. ‘पर्यावरणीय वर्णभेद’ हे नाव त्याच सुमारास चॅव्हिस यांनी रूढ केलं.

यावर एक आक्षेप लगेच आला, आणि तो टाळण्यासारखा नाही. कारखाना आधी आला की वस्ती? कारखाना आल्यावर जमिनीच्या किमती उतरल्या आणि स्वस्त घरांसाठी गरीब माणसं आपण होऊन तिथं आली असतील, तर त्याला बाजाराचा नियम म्हणावं, भेदभाव कशाला म्हणायचं? संशोधक या प्रश्नावर वीस-पंचवीस वर्षं भांडले. उत्तर मिळवायला एका वेळचा नकाशा पुरत नाही. कारखाना आला त्या वर्षी तिथं कोण राहत होतं, हे पाहावं लागतं. पॉल मोहाई आणि रॉबिन साहा यांनी देशभरच्या घातक कचरा प्रकल्पांचा असा काळाच्या ओघातला अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्या वस्त्यांत आधीपासूनच अल्पसंख्याक मोठ्या प्रमाणात होते, तिथेच प्रकल्प आणून बसवण्याचा कल स्पष्ट दिसतो. दुसरा आक्षेप गरिबीचा: हा वर्णाचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. त्यावरचं उत्तर अधिक बोचणारं आहे. २००८ मधल्या एका अभ्यासात असं आढळलं, की वर्षाला ५० ते ६० हजार डॉलर कमावणारं सरासरी कृष्णवर्णीय कुटुंब, १० हजारांहूनही कमी कमावणाऱ्या सरासरी गोऱ्या कुटुंबापेक्षा अधिक प्रदूषित वस्तीत राहतं. पैसा आला तरी पत्ता बदलत नव्हता.

पत्ता का बदलत नाही, हे समजायला १९३०च्या दशकातले रंगीत नकाशे पाहावे लागतात. मंदीच्या काळात घरकर्ज सावरण्यासाठी स्थापन झालेल्या एका सरकारी महामंडळानं दोनशेहून अधिक शहरांच्या वस्त्यांना चार रंग दिले. हिरवा म्हणजे उत्तम आणि लाल म्हणजे धोकादायक. कृष्णवर्णीय वस्त्या जवळपास सरसकट लाल रंगात गेल्या. लाल वस्तीत कर्ज मिळेना. घरांची डागडुजी थांबली, जमिनी स्वस्त राहिल्या. मग महामार्ग, गोदामं, कारखाने त्याच जमिनींवर आले. उलट, हिरव्या वस्त्यांत घर विकत घ्यायला कृष्णवर्णीयांना करारनाम्यांतच मज्जाव असे. १९६८च्या कायद्यानं घरांच्या बाबतीतला हा भेदभाव बेकायदा ठरवला. नकाशे दप्तरात गेले, पण जमिनीवर उरले. १०८ शहरांच्या २०२० मधल्या एका अभ्यासात, ९४ टक्के शहरांमध्ये एकेकाळचे लाल भाग आजही इतर भागांपेक्षा जास्त तापतात असं दिसलं. काही शहरांत हा फरक ७ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. तिथं झाडं कमी आहेत आणि डांबर जास्त. जो शिक्का नव्वद वर्षांपूर्वी एका कार्यालयात मारला गेला, त्याच्यामुळे आज कुणाची तरी आजी उष्माघातानं रुग्णालयात जाते.

या रचनेत निवड कशी होते, हे सांगणारा एक कागद मात्र सापडला. कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळानं १९८४ मध्ये एका सल्लागार कंपनीकडून अहवाल करून घेतला होता. कचरा जाळण्याचे प्रकल्प कुठे उभारले तर विरोध कमी होईल, हा त्याचा विषय होता. कमी उत्पन्न, हायस्कूलपर्यंतचं शिक्षण, वयस्क रहिवासी, अशा वस्त्या निवडाव्यात, असा त्याचा सूर. वर्णाचा उल्लेख करण्याची गरजच नव्हती. याच राज्यात केटलमन सिटी नावाचं शेतमजुरांचं छोटं गाव आहे. रहिवासी जवळपास सगळे लॅटिनो. गावाजवळ घातक कचरा पुरण्याची प्रचंड मोठी जागा आधीच होती, आणि आता तो जाळण्याची भट्टीही येणार होती. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल निघाला तो इंग्रजीत. गावातल्या कित्येकांना फक्त स्पॅनिश येत होती. लोकांनी भाषांतर मागितलं, ते मिळालं नाही. गावकरी न्यायालयात गेले. लोकांना समजत नाही अशा भाषेत मागवलेल्या हरकतींना सहभाग म्हणता येत नाही, अशा आशयाचा निकाल १९९१च्या अखेरीस लागला आणि कंपनीनं पुढे भट्टीचा बेत सोडला. इथं हेतू सिद्ध करावा लागला नाही, कार्यपद्धतीतली चूक पुरेशी ठरली. वकिलांच्या हाती एक वाट आली, पण अरुंद. कारण पुढच्या कंपनीनं अहवाल भाषांतरित केला की ती बंद होते.

लुइझियानात बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स यांच्यामध्ये मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवर सुमारे ८५ मैलांचा पट्टा आहे. दीडशेहून अधिक रासायनिक कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प तिथं उभे आहेत. लोक त्याला ‘कॅन्सर ॲली’, कर्करोगाची गल्ली, म्हणतात. हे कारखाने बहुतेक जुन्या उसाच्या मळ्यांच्या जमिनींवर आहेत. एका मालकाकडून नदीकाठची लांबरुंद जमीन एकाच व्यवहारात विकत घेता येई, आणि जहाजं थेट दारात लागत. याच मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज मुक्तीनंतर मळ्यांच्या कडेला जमिनीचे छोटे तुकडे घेऊन वसले होते. कारखाना आला, तो त्यांच्या कुंपणाला लागून आला.

नॉर्को गावातली डायमंड ही अशीच चार रस्त्यांची वस्ती. एका बाजूला शेल कंपनीचा रसायन कारखाना, दुसऱ्या बाजूला तेलशुद्धीकरण प्रकल्प. १९७३ मध्ये कंपनीच्या वाहिनीतून गळती झाली. अंगणात गवत कापणाऱ्या एका मुलाच्या यंत्राची ठिणगी उडाली, आणि तो मुलगा व एक वृद्ध स्त्री भाजून मरण पावले. मार्जी रिचर्ड या शिक्षिका त्याच वस्तीत वाढल्या होत्या. हवेत काय आहे, हे त्या विचारत, आणि हवा नियमांच्या मर्यादेत आहे, असं उत्तर मिळे. मग रहिवाशांच्या हाती एक साधी बादली आली. प्लॅस्टिकच्या बादलीत विशिष्ट प्रकारची पिशवी, एक झडप आणि हवा खेचण्यासाठी एक छोटा पंप, एवढंच. वास सुटला की झडप उघडायची, पिशवी हवेनं भरायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. सरकारी यंत्रं दूर होती आणि सरासरी मोजत होती. बादली नेमक्या त्या घटकेची हवा पकडत होती. त्या नमुन्यांत बेंझीनसारखी रसायनं निघाली. रिचर्ड यांनी नॉर्कोच्या हवेचा नमुना थेट नेदरलँड्समध्ये, एका आंतरराष्ट्रीय परिषदेत, कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे नेला. २००२ मध्ये शेलनं वस्तीतल्या लोकांची घरं विकत घेऊन त्यांना दुसरीकडे जाण्याची सोय करून देण्याचं मान्य केलं. २००४ मध्ये रिचर्ड यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. तो विजय खराच होता. पण त्याची किंमतही लक्षात घ्यायला हवी. कारखाना जागच्या जागी राहिला, आणि चार पिढ्यांची वस्ती उठली.

कारखाने काय सोडतात याची माहिती मिळवण्याचा हक्क लोकांना मिळाला, त्यामागे भारतातली एक काळरात्र आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये ज्या मिथिल आयसोसायनेटनं हजारो माणसं मारली, त्याचं उत्पादन युनियन कार्बाइड अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी करत होती. हे गाव कृष्णवर्णीयांसाठी १८९१ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाभोवती वाढलेलं. भोपाळनंतर तिथले लोक धास्तावले. आमच्याकडे असं होणार नाही, असं कंपनीनं सांगितलं. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथल्या कारखान्यातून दुसऱ्या एका विषारी रसायनाची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. भोपाळ आणि इन्स्टिट्यूट या दोन्ही घटनांनंतर १९८६ मध्ये अमेरिकेत लोकांच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला. कोणत्या कारखान्यानं वर्षभरात कोणतं विष किती सोडलं, हे त्यामुळे सार्वजनिक नोंदवहीत लिहावं लागू लागलं. पुढच्या अनेक अभ्यासांचा आधार हीच नोंदवही आहे. ज्या भोपाळवासीयांच्या जिवावर हा हक्क आला, त्यांच्या कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा मात्र चाळीस वर्षं तिथेच पडून होता.

या सगळ्यात अमेरिकेतल्या मोठ्या पर्यावरण संस्था कुठे होत्या? त्या अरण्यं, नद्या, गरुड आणि लांडगे वाचवत होत्या. ते काम मोलाचं आहे. पण त्यांच्या कार्यालयांत आणि संचालक मंडळांत गोऱ्यांखेरीज जवळपास कुणी नव्हतं. १९९० मध्ये देशाच्या नैऋत्येकडच्या कार्यकर्त्यांनी दहा बड्या संस्थांना पत्र लिहून याचा स्पष्ट शब्दांत जाब विचारला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, वॉशिंग्टनला गोरेतर समाजांतल्या नेत्यांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी कार्यकर्ते एका छताखाली आले आणि त्यांनी १७ तत्त्वं मंजूर केली. माणूस जिथं राहतो, काम करतो आणि खेळतो, तेच पर्यावरण, ही त्यांची मांडणी. मूलनिवासींचा अनुभवही वेगळा नव्हता. नवाहो राष्ट्राच्या भूमीवर १९४४ ते १९८६ या काळात अण्वस्त्रांसाठी युरेनियम खणलं गेलं आणि पाचशेहून अधिक खाणी उघड्या टाकून दिल्या गेल्या. १९७९ मध्ये तिथं चर्च रॉकला युरेनियमच्या सांडपाण्याचा बांध फुटून ९ कोटी ४० लाख गॅलन किरणोत्सारी पाणी नदीत वाहून गेलं. मेंढ्यांना पाणी पाजायची नदी हीच. थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्राचा अपघात त्याच वर्षी झाला. तो जगाला ठाऊक आहे, चर्च रॉक किती जणांना ठाऊक आहे?

फेब्रुवारी १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला: प्रत्येक केंद्रीय खात्यानं आपल्या निर्णयांचा अल्पसंख्याक आणि गरीब वस्त्यांवर होणारा विषम परिणाम तपासावा. शिकागोच्या दक्षिण भागात सरकारी घरांत राहून वर्षानुवर्षं लढलेल्या हेझल जॉन्सन त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये हजर होत्या. त्यांची ॲल्टगेल्ड गार्डन्स ही वसाहत कारखाने आणि कचऱ्याच्या जागांनी चहूबाजूंनी वेढलेली होती. आदेशात ‘परिणाम’ हा निकष आला, हे महत्त्वाचं होतं. पण तो आदेशच होता, कायदा नव्हता. त्यावरून नागरिकाला कोर्टात जाता येत नव्हतं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याखालच्या नियमांमध्ये परिणामाचा निकष होता खरा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की त्या नियमांचा आधार घेऊन सामान्य माणसाला स्वतः दावा लावता येणार नाही. दाद मागायची ती सरकारी खात्याकडे तक्रार करूनच. आणि ईपीएकडे अशा तक्रारी वर्षानुवर्षं पडून राहत.

हेतूशिवायही अन्याय कसा घडतो, हे समजायला मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात काय झालं, ते पाहावं. एप्रिल २०१४ मध्ये राज्यानं नेमलेल्या प्रशासकाच्या अमलात, पैसे वाचवण्यासाठी, शहराला नदीचं पाणी सुरू झालं. नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही, त्यामुळे जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. पाण्यानं यंत्रभाग गंजतात म्हणून त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या कारखान्यानं ते पाणी वापरणं बंद केलं. माणसांनी मात्र ते आणखी वर्षभर प्यायलं. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं आकड्यांनिशी जाहीर केलं, तेव्हा सुरुवातीला सरकारनं त्यांनाच खोटं पाडलं. राज्याच्या नागरी हक्क आयोगानं २०१७ मध्ये या घटनेची मुळं शहराच्या वर्णविभाजित घडणीत दाखवून दिली. कुणी दुष्टपणे ठरवलं होतं, असं आयोगानं म्हटलं नाही. त्याची गरज नव्हती, हाच त्याचा मुद्दा होता.

लुइझियानात लाप्लासजवळ १९६९पासून निओप्रीन या कृत्रिम रबराचा कारखाना चालू होता, आधी ड्यूपाँटचा आणि २०१५पासून डेंका या जपानी कंपनीचा. या प्रक्रियेत क्लोरोप्रीन हा वायू बाहेर पडतो. तो माणसात कर्करोग घडवू शकतो, असं ईपीएनं २०१० मध्ये नोंदवलं, आणि पुढे देशभरच्या हवेच्या पाहणीत या कारखान्याभोवती कर्करोगाचा धोका देशात सर्वाधिक निघाला. हाकेच्या अंतरावर प्राथमिक शाळा होती, आणि मुलं बहुतांश कृष्णवर्णीय. रहिवाशांच्या तक्रारीवरून ईपीएनं २०२२ मध्ये नागरी हक्क कायद्याखाली चौकशी सुरू केली. राज्य सरकारनं ईपीएवरच खटला भरला; जून २०२३ मध्ये चौकशी बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये एका न्यायाधीशांनी ईपीएला लुइझियानात परिणामाचा निकष लावायला मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या केंद्र सरकारनं १९९४चा आदेश रद्द केला. मार्चमध्ये ईपीएची पर्यावरणीय न्याय कार्यालयं बंद करण्याची घोषणा झाली, आणि केंद्र सरकारनं डेंकाविरुद्ध आधी दाखल केलेला दावाही मागे घेतला गेला. मे महिन्यात कंपनीनंच आर्थिक कारणं देत उत्पादन थांबवलं.

परिणामाची वाट अशी एकेक करून बंद होत असताना, नदीच्या वरच्या अंगाला सेंट जेम्स पॅरिशमधल्या लोकांनी हेतूच पुढे आणला. पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा. इथं शॅरन लॅविन या निवृत्त शिक्षिकेनं २०१८ मध्ये गावकऱ्यांची संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी एका चिनी कंपनीनं सव्वा अब्ज डॉलरच्या प्लॅस्टिक कारखान्याचा बेत सोडला. फॉर्मोसा कंपनीच्या ९.४ अब्ज डॉलरच्या प्रकल्पाशी झगडा चालूच आहे. त्या जमिनीवर गुलामांची दफनभूमी असल्याचं निष्पन्न झालं आहे. मार्च २०२३ मध्ये या संघटनेनं आणि आणखी दोन संस्थांनी थेट जिल्ह्याच्या प्रशासनावर खटला भरला. त्यांनी पुराव्यादाखल २०१४चा जमीनवापर आराखडा ठेवला. त्यात गोऱ्या प्रभागांतली कॅथलिक चर्चं आणि पर्यटकांसाठी जतन केलेले मळेवाडे यांच्याभोवती संरक्षक पट्टे आखले होते. कृष्णवर्णीय प्रभागांतल्या बॅप्टिस्ट चर्चांभोवती असे पट्टे नव्हते, आणि त्यांच्या घरांच्या जमिनीवर भावी औद्योगिक वापराची नोंद होती. जिल्ह्यातल्या २४ औद्योगिक प्रकल्पांपैकी २० याच भागांत आहेत, असं फिर्यादी सांगतात. दावा मुदतीनंतर दाखल झाला, असं म्हणत खालच्या न्यायालयानं तो त्याच वर्षी फेटाळला. एप्रिल २०२५ मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. भेदभाव एका आराखड्यापुरता नसून सलग चालत आलेला आहे, हे मांडण्याचा फिर्यादींना हक्क आहे, असं ठरवून प्रकरण सुनावणीसाठी परत पाठवलं. फिर्यादींची पहिली मागणी आहे की कृष्णवर्णीयांच्या, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या, प्रभागांत एकाही नव्या कारखान्याला परवानगी देऊ नये.